नर्मदेवर चाललेलं आउटबोर्ड इंजिन कोकणच्या समुद्रात नेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चांदोदला नर्मदेवर सहा वर्षं चाललेलं १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) बडोद्यात घरी उभं आहे. ते आता दापोलीजवळच्या मुरुडला, चुलतभावाच्या फायबर होडीवर लावायचं आहे. बरोबर होडी हळू सरकवणारी, बॅटरीवर चालणारी एक छोटी ट्रोलिंग मोटरही आहे. गोड्या पाण्याचं इंजिन समुद्रात टिकेल का, गंज कसा रोखायचा, आणि कोकणात नेण्याआधी जवळच खंभातच्या आखातावर कावी-कंबोईला एकदा चालवून बघावं का, हे तुम्ही विचारलं आहे.

आउटबोर्ड टिकेल. ट्रोलिंग मोटर नेऊ नका. कावी-कंबोईला तर मुळीच नको. आणि आउटबोर्ड आहे तसं गाडीत घालून न्यायचं असेल, तर तेही नको. आधी दोन-तीन दिवसांचं काम आहे, ते बडोद्यातच करा.

पेट्रोलच्या आउटबोर्डात गोड्या पाण्याचं आणि खाऱ्या पाण्याचं असे दोन वेगळे प्रकार सहसा नसतात. नावाजलेल्या कंपन्या एकच इंजिन दोन्हीकडे विकतात. फरक पडतो तो त्यावर लावलेल्या, इंजिनऐवजी स्वतः गंजणाऱ्या धातूच्या तुकड्यांत म्हणजे अ‍ॅनोडमध्ये आणि वापरणाऱ्याच्या सवयींत. इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटरचं मात्र तसं नाही. तिथे गोड्या पाण्याचं मॉडेल खरोखरच वेगळं असतं: रंगाचा थर पातळ, अ‍ॅनोड नाही, वरच्या डोक्यातलं सर्किट आणि वायरींचे जोड पूर्ण बंद केलेले नसतात. एखाद्या वेळी खाऱ्या पाण्यात बुडवली आणि लगेच धुतली तर ती मरणार नाही, पण रोज वापरली तर एका हंगामाच्या पलीकडे तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. खाऱ्या पाण्यासाठी कंपनी सहसा वॉरंटीही देत नाही. तिला आजव्याच्या तलावाच्या किंवा नर्मदेच्या पाण्यासाठीच ठेवा.

तिसरा प्रकार तुम्ही विचारला नाहीत, पण चांदोदच्या घाटावर दिसतो म्हणून सांगतो: गाडीचं किंवा शेतीपंपाचं डिझेल इंजिन होडीत बसवून नदीचंच पाणी ब्लॉकमधून फिरवायचं. नदीवर ते वर्षानुवर्षं चालतं. समुद्राचं पाणी त्याच्या बिडाच्या ब्लॉकमधून थेट फिरवलं तर तो आतून खात जातो आणि धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्याही आधी जातो. तिथे हीट एक्स्चेंजर लावून इंजिनात कूलंट आणि बाहेरच्या बाजूला समुद्राचं पाणी, अशी सोय केल्याशिवाय पर्याय नाही.

आता खारं पाणी नक्की करतं काय? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते नदीच्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून जास्त वीज वाहून नेतं. तुमच्या इंजिनचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचे, इतर कुठेकुठे पितळ. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही पाण्यात, म्हणजे बॅटरीसारखा छोटा सेल तयार झालाच. नर्मदेच्या पाण्यात हा सेल इतका अशक्त असतो की वर्षानुवर्षं काही दिसत नाही. समुद्रात तोच सेल जोरात चालतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला वाचवणारा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तो क्लोराइड ठिकठिकाणी फोडतो. मग रंगाखाली फुगे येतात, फुगा फोडला की पांढरी भुकटी, आणि भुकटी खरवडली की खाली खड्डा.

आणखी एक गोष्ट, जी बडोद्यातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःहून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३०-३५ टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं. म्हणजे न धुतलेलं इंजिन तुम्ही कोकणातून आणून आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ठेवलंत, तरी रात्री हवा जराशी दमट झाली की त्यावरचा मिठाचा थर ओला होणार आणि सेल पुन्हा सुरू होणार. "वाळलंय, आता काही होत नाही" ही समजूत सगळ्यात महागात पडते.

तुमचं इंजिन सहा वर्षांनी "नव्यासारखं" दिसतंय असं तुम्ही लिहिलंय. मला काळजी त्याचीच वाटते. नदीवर चाललेल्या इंजिनची दुरवस्था दिसत नाही, म्हणून सहा वर्षांत कुणी बोल्ट उघडलेला नसतो, अ‍ॅनोडकडे पाहिलेलं नसतं, ग्रीस भरलेलं नसतं. असं इंजिन समुद्रात उतरलं की पहिल्याच हंगामात सगळं एकदम बाहेर येतं.

सुरुवात अ‍ॅनोडपासून करा. मच्छीमार याला सरसकट झिंक म्हणतात, मग ते कशाचंही असो. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या पट्टीखाली एक असतो (काही इंजिनांत तो सुकाणूच्या छोट्या पात्यासारखा दिसतो), क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर एक असतो, आणि बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत ब्लॉकच्या आत, छोट्या झाकणांखाली एक-दोन असतात. आतल्यांचा पत्ता मालकाला नसतोच, मॅन्युअल उघडून शोधा. हे तुकडे खर्च होण्यासाठीच लावलेले असतात. ते आधी विरघळतात म्हणून गिअरकेस, म्हणजे पंख्याजवळचं गिअरांचं घर, वाचतं.

धातूची निवड पाण्यावर ठरते. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, समुद्रात झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियम, आणि खाडीच्या मिश्र पाण्यात अ‍ॅल्युमिनियम. तुमच्या इंजिनवर मॅग्नेशियम असेल तर ते समुद्रात झपाट्याने संपेल, आणि संपेपर्यंत इतका जोर लावेल की गिअरकेसचा रंग फुगून सुटू शकतो. मूळ झिंकच असेल तर त्याची वेगळी गंमत आहे: गोड्या पाण्यात झिंकवर एक कठीण थर चढतो आणि ते झोपी जातं. वरून अख्खं दिसतं, काम शून्य. सहा वर्षांत झिजलेलं नाही म्हणून "चांगलं आहे" समजू नका. न झिजलेला अ‍ॅनोड म्हणजे काम न केलेला अ‍ॅनोड.

माझा सल्ला सरळ आहे: सगळे काढा आणि अ‍ॅल्युमिनियमचे लावा. मुरुडला होडी समुद्रात चालणार आणि वाऱ्याच्या दिवसांत आंजर्ल्याच्या खाडीत ठेवणार असाल, तर दोन्हीकडे चालणारा तोच आहे. हे साधं अ‍ॅल्युमिनियम नव्हे. त्यात झिंक आणि किंचित इंडियम घालतात, त्याशिवाय ते अ‍ॅनोड म्हणून चालत नाही. म्हणूनच मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या फाउंड्रीतून भंगारातलं जस्त ओतून घेण्याच्या भानगडीत पडू नका. अ‍ॅनोडच्या झिंकमध्ये लोखंडाचं प्रमाण ०.००५ टक्क्यांच्या आत लागतं. त्याहून जास्त झालं की त्यावर थर बसतो आणि ते निकामी होतं. भंगारातून एवढी शुद्धता येत नाही. कंपनीचाच तुकडा घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

बसवताना खालची जागा घासून चकचकीत करा, कारण अ‍ॅनोड आणि इंजिन यांच्यात धातूला धातू टेकला पाहिजे. मग मल्टिमीटर लावा: अ‍ॅनोड आणि गिअरकेसचा उघडा धातू यांच्यात रोध एक ओहमच्या आत यायला हवा. अ‍ॅनोडला रंग लावायचा नाही, ग्रीस फासायचं नाही. इंजिनला हौसेने नवा रंग देताना अ‍ॅनोडही रंगवून टाकलेले मी इतक्यांदा पाहिलेत की आता आश्चर्य वाटत नाही. अर्धा झिजला की बदला.

ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे लावून तांब्याचं झिजणं थांबवलं. पण तांबं विरघळायचं थांबलं तसे जहाजाच्या तळाला शिंपले चिकटू लागले आणि नौदलाने तो नाद सोडला. आजही अ‍ॅनोड शिंपल्यांपासून वाचवत नाही, आणि तिथेच लोक घोटाळा करतात: होडीच्या तळाला लावायचा शिंपले रोखणारा तांबंयुक्त अँटिफाउलिंग रंग उरला म्हणून इंजिनच्या पायालाही लावतात. अ‍ॅल्युमिनियमवर तांबं म्हणजे आपणच सेल बांधून देणं. इंजिनला तो रंग कधीही नको. उलट इंजिनभोवती अडीच-तीन सेंटिमीटर जागा सोडूनच तळाचा रंग थांबवा.

आता सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात उपयोगाचं काम: बोल्ट. गिअरकेसचे बोल्ट, पाण्याच्या पंपाचे, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाचे, अ‍ॅनोडचे, क्लॅम्पचे स्क्रू, स्पार्क प्लगसुद्धा. समुद्रात जाण्याआधी हे सगळे एकेक करून उघडा. स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बसलेला असतो. मीठ आत शिरलं की आट्यांमध्ये पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते, आणि बोल्ट सिमेंटात गाडल्यासारखा जाम होतो. दोन हंगामांनी इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा रबरी पंखा) बदलायला गेलात की बोल्टचं डोकं तुटतं. मग ड्रिल, मग नव्या आट्यांसाठी हेलिकॉइलची तार, आणि इम्पेलरच्या शेकडोंच्या कामाचं बिल हजारांत जातं. कोकणातली कितीतरी इंजिनं गंजाने मेली असं लोक म्हणतात, प्रत्यक्षात ती एका तुटलेल्या बोल्टमुळे दुरुस्तीविना पडून राहिलेली असतात.

उघडलेल्या आट्या ब्रशने साफ करा, मरीन ग्रीस किंवा वेगवेगळे धातू अलग ठेवणारी पेस्ट लावा आणि परत बसवा. तांब्याची पूड असलेली अँटि-सीझ पेस्ट इथे चालत नाही, कारण तेच: तांबं आणि त्या रंगासारखाच सेल. ग्रीस लावलेला बोल्ट नेहमीच्या जोराने आवळला तर तो जास्त ताणला जातो, म्हणून हात जरा हलका ठेवा. एखादा बोल्ट आत्ताच हट्टाला पेटला असेल तर लांब पान्याने जोर करू नका. भेदक तेल टाका, हीट गनने भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम तापवा, पाव फेरा पुढे-मागे करत काढा. हरवलेल्या बोल्टच्या जागी बाजारातला झिंक-प्लेटेड लोखंडी किंवा पितळी घालायचा नाही. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा, ३०४ मिळालं तर तात्पुरतं चालवून घ्या.

ग्रीसच्या निपलांनाही याच वेळी ग्रीस भरा, जुनं काळं बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. इंजिन ज्यावर वळतं तो पिव्होट समुद्रात सगळ्यात आधी आखडतो.

पाण्याची वाट साफ आहे का हेही आत्ताच पाहायचं. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. खालून पाणी ओढून इम्पेलर ते ब्लॉकभोवती फिरवतो आणि बाहेर टाकतो. त्यातलीच बारीक धार मागून दिसते. नदीच्या सहा वर्षांत आत गाळ आणि चुन्याचा थर बसलेला असणार. त्यावर मीठ बसलं की वाट आणखी अरुंद. थर्मोस्टॅट काढून बघा: त्यावर पांढरा थर असेल तर ब्लॉकमध्येही आहे. साधं पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून आत फिरवलं की तो बराचसा सुटतो, पण रात्रभर भरून ठेवू नका, आम्ल अ‍ॅल्युमिनियमलाही खातं. नंतर भरपूर साधं पाणी फिरवा. इम्पेलर सहा वर्षांचा असेल तर विचार न करता बदला.

पाणी गरम झालं की त्यातले क्षार जास्त बसतात. म्हणूनच खारं पाणी थेट फिरवणाऱ्या इनबोर्ड (होडीच्या आत बसवलेल्या) इंजिनांना ६० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट देतात, बंद कूलंटवाल्यांना त्याहून वरचा. तुमच्या आउटबोर्डला कंपनीने दिलेलाच ठेवा. "थर्मोस्टॅट काढून टाका, थंड राहील" असा सल्ला किनाऱ्यावर हमखास मिळतो. ऐकू नका. इंजिन थंडच राहिलं तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंगं जातात.

आता रोजची धुलाई. समुद्रातून आल्यावर शक्यतो तासाभरात, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे. इंजिनला पाइप जोडायचं तोंड असेल तर बहुतेक मॉडेलांत इंजिन बंद ठेवून पाणी सोडायचं असतं, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. तोंड नसेल तर रबरी कपांची जोडी मिळते, ती पाणी ओढण्याच्या जाळीवर दोन्हीकडून बसवायची. आधी पाणी सोडायचं, मग इंजिन सुरू. उलटं केलंत तर कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. किनाऱ्यावर सगळ्यात सोपी पद्धत पिंपाची: इंजिन उभं करून पिंपात सोडा, पाणी पंख्याच्या वरच्या पट्टीच्या वर आलं पाहिजे. न्यूट्रलमध्ये मंद चालवा, दहा-पंधरा मिनिटं. दोन मिनिटं चालवून बंद केलंत तर थर्मोस्टॅट उघडलेलाच नसतो आणि ब्लॉकच्या वरच्या भागातलं मीठ तिथेच राहतं. पिंपातलं पाणी दर वेळी बदला, नाहीतर कालचंच मीठ आज परत फिरवाल. पंख्यापासून हात आणि मुलं लांब. पंखा काढून ठेवला तर सगळ्यात उत्तम.

पाणी कुठलं, हे विचारायला लोक विसरतात. बडोद्यात नळाला आजव्याचं किंवा महीचं गोडं पाणी येतं, त्यामुळे हा विचार डोक्यात येत नाही. मुरुडला किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकतात. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे थोडं कमी मीठ परत लावणं. जीभ लावून बघा. खारट लागलं तर गावातून गोडं पाणी भरून आणा. पिंपात जेमतेम शे-दीडशे लिटर लागतं.

धुवून झालं की इंजिन उभंच ठेवा, आतलं पाणी निथळू द्या. वरचं झाकण काढून आत पाइपने फवारा मारायचा नाही, त्याने पाणी थेट वायरींत जातं. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग गंजरोधक स्प्रेचा हलका थर द्या. रबरी बेल्टवर तो उडवू नका. वायरींचे कनेक्टर उघडून आत वीज न वाहणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. नवीन वायर टाकावी लागली तर कथिलाचा मुलामा असलेली घ्या. साधी तांब्याची वायर समुद्रावर आवरणाच्या आत हातभर काळी पडते आणि बाहेरून कळतही नाही. बॅटरी असेल तर काम संपल्यावर तिची जोडणी काढा. बिल्जमधल्या, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेल्या, खाऱ्या पाण्यात पडलेली उघडी पॉझिटिव्ह वायर अ‍ॅनोड आणि गिअरकेस दोन्ही काही दिवसांत खाऊन टाकते. या गळक्या विजेपुढे बाकीचा गंज किरकोळ आहे.

पंखा मूळचा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तोच ठेवा, स्टेनलेसचा चढवण्याचा मोह टाळा. दर काही फेऱ्यांनी पंखा काढून शाफ्टला ग्रीस लावा आणि मागे जाळ्याचा नायलॉन गुंडाळलाय का पाहा. हर्णै-मुरुडच्या पाण्यात जाळ्यांची तुटकी टोकं भरपूर, ती ऑइल सील कापतात. सील गेलं की गिअर ऑइलमध्ये खारं पाणी. ऑइल दुधी दिसलं तर त्याच दिवशी बाहेर काढा, सील बदला, आणि नवं ऑइल खालच्या भोकातून वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. वरून भरलं तर आत हवा राहते.

होडी पाण्यात असताना इंजिन वर उचलून ठेवा. पण उचललेल्या इंजिनचा अ‍ॅनोडही पाण्याबाहेरच असतो, म्हणजे वाळलेल्या मिठापासून त्याचं संरक्षण नाही. धुणं टळत नाही.

कावी-कंबोईबद्दल. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीला बुडतं हे पाहून लोकांना वाटतं, समुद्र जवळ आहे, चला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, ओढ भयंकर असते आणि पाणी म्हणजे पातळ चिखल. तो गाळ इम्पेलर आणि पंपाचं घर खरडून काढतो. ओहोटीत होडी कोरड्या चिखलावर बसेल ते वेगळंच. चाचणी घ्यायचीच तर घरी पिंपात घ्या.

पेट्रोलचंही एक बघा. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. दमट हवेत अर्धी टाकी ठेवली की इथेनॉल पाणी ओढतं आणि पाण्यासकट तळाशी वेगळं बसतं. लागेल तेवढंच भरा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, पावसाळ्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

प्रवासी नेणार असाल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट हे इंजिनच्या आधी. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातल्या हरणीच्या तलावात सहलीच्या मुलांची होडी उलटली, ते बडोद्यात कुणाला सांगायला नको.

इंजिन कधी समुद्रात पडलंच, तर बाहेर काढून उन्हात वाळवत ठेवू नका. गोड्या पाण्याने धुवा, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, ऑइल बदला, आणि त्याच दिवशी सुरू करून गरम होऊ द्या. मेकॅनिक दोन दिवसांनी येणार असेल तर तोवर अख्खं इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. हवा आणि मीठ एकत्र येण्यापेक्षा ते बरं. आणि हंगाम संपल्यावर इंजिन परत चांदोदला आणणार असाल, तर अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड आहेत तसे राहू द्या. झिंक लावले असतील तर तेवढे बदला.